रंगीत काचा आणि पहिली वेलांटी

गेल्या आठवड्यात नाशिकहून ताईचा फोन आला. तिसरीतली भाची वाचताना अडखळते, ‘मावशी, अक्षरं हलतात’ म्हणते. डोळे तपासले, नंबर नाही. कुणीतरी रंगीत काचांचा महागडा चष्मा सुचवलाय. त्यावरून घरात दोन तट पडलेत. आजोबांच्या मते सराव कमी पडतो, काकूच्या मते चष्मा घेऊन टाकावा. माझं मत विचारलं, कारण माझ्या मुलाला डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अवघड जाण्याची अडचण आहे आणि तो इथे इंग्लंडमध्ये ब्रिस्टॉलला शिकतो.

आम्हीही हेच करून पाहिलं होतं. शाळेनं पिवळा पारदर्शक कागद दिला, तो पानावर ठेवून वाचायचं. मुलगा दोन आठवडे खूश होता, वाचन मात्र जागचं हललं नाही. याच ब्रिस्टॉल भागातल्या ५,८०० मुलांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात डिस्लेक्सिया असलेल्या बहुतेक मुलांची नजर चांगली निघाली. अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच सांगितलं होतं, की रंगीत काचांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही. भाची खोटं बोलत नाही, तिला त्रास होतोच. पण अडचण डोळ्यांत नाही, अक्षर आणि उच्चार जुळवण्यात आहे.

माझ्या मुलाला उपयोग झाला तो रोज वीस मिनिटं, एकेक ध्वनी सुटा करून शिकवण्याचा. इंग्लंडमध्ये २०१२ पासून सहा वर्षांच्या आसपासच्या मुलांना चाळीस शब्द वाचायला देतात, त्यातले वीस निरर्थक असतात. पाठांतरावर वाचणारं मूल तिथे लगेच लक्षात येतं.

ही पद्धत जशीच्या तशी नाशिकला नेऊन मात्र चालणार नाही. मराठीचे अडथळे वेगळे आहेत. ‘कि’मध्ये वेलांटी आधी दिसते, उच्चार नंतर होतो. ‘सूर्य’मधला र य-च्या आधी उच्चारायचा आणि काढायचा य-च्या डोक्यावर, तो रफार. ‘प्र’, ‘ट्र’मध्ये त्याच र-चं रूप पुन्हा निराळं. बाराखडी घोकून हे सुटत नाही. पानावर मोकळी जागा असली की वाचायला सोपं जातं हे खरं, पण आपल्याकडे अक्षरं एकमेकांपासून फार लांब केली तर शिरोरेषाच तुटते. त्यापेक्षा शब्दांत आणि ओळींत अंतर वाढवावं.

आपल्याकडे साधनं नाहीत असंही नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं डिस्लेक्सिया ओळखण्यासाठी मराठीतही चाचणी तयार केली आहे आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अध्ययन अक्षमतेला, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणींना मान्यता दिली आहे. तरी चर्चा दहावीच्या परीक्षेतल्या जादा वेळेपाशीच अडते. जादा वेळ हवाच, पण वाचायला शिकवायची वेळ दुसरी-तिसरीत असते.

ताई, चष्म्याचे पैसे रेमेडियल, म्हणजे अशा मुलांना खास पद्धतीनं शिकवणाऱ्या शिक्षिकेसाठी ठेव. तिला पहिलाच प्रश्न विचार: रफार कसा शिकवता?