आकड्यांत नवी एम५ पुढे आहेच, पण…

लेखात नवी बीएमडब्ल्यू एम५ याच गाडीच्या जुन्या ई३९ पिढीपेक्षा 'सर्व बाबतींत सरस' म्हटलीय. मी अकरा वर्षं मस्कतच्या गॅरेजात होतो, आता चिपळूणला असतो. ई३९ या हातांनी उघडलीय, म्हणून लिहितो.

जुनीची ४०० अश्वशक्ती कुठे आणि नवीची ७२७ कुठे, मान्य. शंभरचा वेग गाठायला जुनीला पाचाहून जास्त सेकंद, नवीला साडेतीन. पण वजन बघा ना! जुनी अठराशे किलोच्या आसपास, नवी चोवीसशेच्या वर. हायब्रिड आहे ना, पेट्रोल इंजिनाबरोबर बॅटरी आणि विजेची मोटरही सोबत घेऊन फिरते ती. कुंभार्ली घाटात पावसाळी उतारावर, वळणावर ब्रेक दाबताना हे सहाशे किलो कळतात. टायर, ब्रेक कितीही रुंद दिले तरी वजन ते वजनच.

जुनीची एक गोष्ट अजून डोळ्यांसमोर आहे. थंड इंजिन सुरू केलं की आरपीएमच्या काट्याभोवती वरच्या आकड्यांपाशी नारिंगी दिवे पेटतात. ऑइल तापत गेलं की एकेक विझत जातो. 'थांब, अजून घाई करू नको,' असं गाडीच सांगते. आठ सिलिंडरला आठ वेगळे थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपा), टर्बो नाही, गिअर हातानेच टाकायचे. पाय हलला की इंजिन लगेच उत्तर देतं.

नवीचं एक मात्र मनापासून आवडलं. रात्री गावात शिरताना नुसत्या विजेवर, आवाज न करता येता येतं.