वॉचमनने हात उचलला म्हणजे तो गुन्हेगारच?

आंब्याचा हंगाम आला की रत्नागिरी-देवगडकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: ‘खासगी वॉचमनला कुणाच्या अंगाला हात लावायचा अधिकारच नाही. मारलं की केस, केस झाली की शिक्षा. व्हिडिओ असेल तर बचावच नाही.’ तिन्ही गोष्टी चूक आहेत आणि त्यांची किंमत रात्रभर बागेत जागणारा राखणदार मोजतो.

अधिकाराचं आधी. भारतीय न्याय संहितेच्या कलम 35 ने दुसऱ्याच्या शरीराचं आणि मालमत्तेचंही रक्षण करायचा हक्क प्रत्येकाला दिलाय. म्हणजे बागायतदाराचा माल वाचवायला राखणदार चोराला अडवू शकतो. डोळ्यांदेखत दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर धरूनही ठेवू शकतो. फक्त सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं.

केस म्हणजे शिक्षा? खरं भांडण इथेच आहे. कलम 37 म्हणतं, बचावाला लागेल तेवढंच बळ. समजा, पहाटे तीनला कुंपण तोडून दोघं क्रेट भरतायत. राखणदाराने बॅटरी मारली, एकाने कोयता उगारला, याने मनगटावर काठी हाणली. हा बचाव. कोयता पडला, माणूस आडवा झाला, तरी काठी चालूच राहिली तर तो बचाव नव्हे, आणि त्याची बाजू मीही घेणार नाही. पण कोयता डोक्यावर असताना फटक्याचा हिशेब कोण मांडत बसेल? सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात हेच मान्य केलंय. बचाव सिद्ध करायचा भार आरोपीवर असतो हे खरं, पण तो संशयापलीकडे सिद्ध करावा लागत नाही. शक्यतेचं पारडं त्याच्याकडे झुकलं तरी पुरतं.

व्हिडिओचं म्हणाल, तर क्लिपमध्ये फटका दिसतो, आधीचा कोयता कापलेला असतो.

आणि रिसॉर्टवर किंवा एमआयडीसीत एजन्सीचा गार्ड असेल, तर नुकसानभरपाईचा दावा त्या गरिबावरच का? 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याने प्रशिक्षणाची जबाबदारी एजन्सीवर टाकलीय. गार्डला एक दिवसही न शिकवता गेटवर उभं केलं असेल, तर तिलाही जाब विचारा.

मालकांनो, मारामारी झाली की त्याच दिवशी राखणदाराला सरकारी दवाखान्यात न्या, त्याच्याही जखमांची नोंद होऊ द्या. त्याच्या बाजूने तक्रार लिहून द्या. सीसीटीव्हीचं पूर्ण रेकॉर्डिंग लगेच काढून ठेवा. नवं रेकॉर्डिंग जुन्यावर चढत जातं.