"तालुक्यात पहिल्यांदाच" म्हणे!

आज सकाळी रस्त्यावर फ्लेक्स पाहिला आणि डोकंच फिरलं. "तालुक्यात पहिल्यांदाच! मोकळ्या आभाळाखाली सिनेमा! गाडीत बसून बघा!" तिकीट माणशी पाचशे.

पहिल्यांदाच? मग पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत आमच्या आज्या-पणज्या घोंगडी अंथरून तंबूवाल्यांचा फिरता सिनेमा बघत बसायच्या, ते काय होतं?

आजीबरोबर मी जायचे. मार्गशीर्षातली कडाक्याची थंडी, मध्ये दोरी, दोरीच्या अलीकडे बायका-पोरं. एकदा ऐन मारामारीत फिल्म अडकली आणि पडद्यावर हिरोच्या गालाला भोक पडून ते पसरतच गेलं. मशीनमध्ये कार्बनच्या जळत्या कांड्यांचा उजेड, त्यापुढे फिल्म थांबली की संपलीच. शिट्ट्या, आरडाओरडा. मी कनातीखालून सटकून थेट मशीनच्या ट्रकपाशी. ऑपरेटरकाकांनी जळका तुकडा कात्रीने उडवला, टोक पात्याने खरवडलं, चिकटवायचं सोल्युशन लावून अंगठ्याने दाबून धरलं. काळ्या काचेतून कार्बनच्या कांड्या जुळवल्या, आणि सिनेमा परत सुरू. तो कापलेला तुकडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

गाडीत बसून सिनेमा ही कल्पना अमेरिकेतली, १९३३ ची, न्यू जर्सीतल्या कॅम्डेनची. तिथे लोकांकडे गाड्या होत्या, त्यांना ते सोयीचं होतं. पेनसिल्व्हेनियात १९३४ चं एक ड्राइव्ह-इन आजही चालू आहे, आणि ते लोक ते साल छाती पुढे काढून सांगतात. आपण काय केलं? डिजिटल आलं, फिल्मच्या प्रिंटा बंद झाल्या, आणि तंबूवाल्यांची मशिनं किलोवर भंगारात गेली. कुणी हळहळलं नाही. आता वर हे "पहिल्यांदाच"!

सुरतेचे अब्दुल्लाली इसूफअली १९०८ पासून १९१४ पर्यंत देशभर तंबू घेऊन फिरले. शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद, हजार माणूस मावेल असा तंबू. पुढे त्यांनी अर्देशीर इराणींच्या भागीदारीत मुंबईचं अलेक्झांड्रा थेटर घेतलं, मग मॅजेस्टिक उभं केलं. १४ मार्च १९३१ ला आपला पहिला बोलपट 'आलम आरा' लागला तो याच मॅजेस्टिकला. तंबूवाल्यांना हसणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

हो, तंबूत धूळ असायची, रेटारेटी व्हायची, बायकांना आडोसाही नसायचा. मान्य.

पण आजी साताऱ्याच्या थेटरात जन्मात गेली नाही. तिला कोण नेणार होतं? गुरं, धारा, चूल. थेटरच तिच्या वाटेवर आलं, म्हणून तिला सिनेमा दिसला. त्या रात्री फिल्म जळल्यावर आजूबाजूच्या बायका उठायला लागल्या, तर ही पदर आवळून म्हणाली, "पैसं दिल्यात नव्हं? मग शेवट बघूनच उठायचं." माझ्या आजीला एवढ्या ठसक्यात बोलताना मी घरी कधी ऐकलं नव्हतं. घरात ती सगळ्यांचं जेवण होईपर्यंत बसायचीसुद्धा नाही. तिथे मात्र तिकीट तिचं, जागा तिची.

हे लिहिताना राग थोडा उतरलाय. नवा पडदा लावणाऱ्या पोरांशी माझं भांडण नाही. लावा, चालू दे, गर्दी होऊ दे. फक्त तो "पहिल्यांदाच" काढा. आणि गाडी नसलेल्यांसाठी पुढे चार सतरंज्या टाका, तिकीट परवडेल असं ठेवा. उद्या फ्लेक्सवरच्या नंबरवर फोन करून मी हेच सांगणार आहे. तुम्हीही करा.