जिव्हेच्या हाती मरण व जीवन, पण कोणाचं?

"जिव्हेच्या हाती मरण व जीवन" या बायबलमधल्या वचनावर (नीतिसूत्रे १८:२१) हल्ली जो संदेश दिला जातो, त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. संदेश साधारण असा असतो: तोंडातून नकारात्मक काही काढू नका. आजारी असाल तर "मी बरा झालोय" म्हणा. कर्ज असेल तर "मी कर्जमुक्त आहे" अशी घोषणा करा. जे बोलाल तेच होईल.

शब्दांत सामर्थ्य आहे हे मी मनापासून मानते. म्हणूनच हा संदेश मला पटत नाही.

तो अख्खा अध्याय एकदा सलग वाचून बघा, २४च वचनं आहेत. आठव्या वचनात चुगलखोर आहे, ज्याचं बोलणं लोक मिटक्या मारत गिळतात. तेराव्यात समोरच्याचं ऐकून घेण्याआधीच उत्तर देणारा आहे. सतराव्यात आपली बाजू आधी मांडणारा, जो दुसरा बोलेपर्यंत खराच वाटतो. एकोणिसाव्यात दुखावलेला भाऊ. तेविसाव्यात गरीब काकुळतीला येतो आणि श्रीमंत त्याच्यावर खेकसतो. या सगळ्या गर्दीत एकविसावं वचन आहे. स्वतःच्या भरभराटीची घोषणा करणारा मला तिथे कुठेच दिसत नाही. मरण आणि जीवन आहे ते समोरच्याचं, ज्याच्याशी किंवा ज्याच्या पाठीमागे आपण बोलतो त्याचं.

"प्रकाश होवो" म्हणताच प्रकाश होणं हे देवाचं काम. आपल्या शब्दाचं सामर्थ्य कसं असतं ते बघायचं तर अबीगईलकडे बघा (१ शमुवेल २५). नवरा नाबाल उर्मटपणे "दावीद कोण?" असं बोलून बसला आणि दावीद ४०० माणसं घेऊन तलवारी कसून निघाला. ही बाई वाटेत त्याला सामोरी गेली आणि बोलली. उद्या तू राजा होशील तेव्हा हे विनाकारण सांडलेलं रक्त तुझ्या मनाला टोचत राहू नये, एवढं तिने त्याला दाखवून दिलं. नाबालच्या घरातली माणसं वाचली आणि दावीदही वाचला, स्वतःच्या हातून होणाऱ्या पापापासून.

आता ज्यामुळे हे लिहायला बसले ते सांगते. नात्यातल्या एक मावशी कॅन्सरने अंथरुणाला खिळल्या होत्या. प्रार्थनेला आलेल्यांपैकी एकाने त्यांना बजावलं, "दुखतंय असं म्हणूच नका, तोंडाने कबूल केलंत की सैतानाला दार उघडतं." सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण त्यानंतर नर्सने "दुखतंय का?" विचारलं की मावशी ओठ घट्ट मिटून नकारार्थी मान हलवायच्या. चादरीची कड मात्र मुठीत आवळलेली असायची. औषध हाताशी असताना ती बाई वेदना सोसत राहिली, कारण दुखणं बोलून दाखवणं म्हणजे अविश्वास, असं तिला कुणीतरी शिकवलं होतं.

पकडला जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने शिष्यांना सांगितलं, "माझा जीव मरणप्राय, अति खिन्न झाला आहे." वधस्तंभावर त्याने मोठ्याने विचारलं, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" ही २२व्या स्तोत्राची सुरुवात आहे. अशा विलापाची किती स्तोत्रं आपल्या शास्त्रात आहेत! प्रभू स्वतः जे बोलला, ते एका आजारी बाईने बोलू नये म्हणून सांगणारे आपण कोण?

याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय जिभेच्या आगीबद्दल आहे हे सगळ्यांना पाठ असतं. तो सुरू कसा होतो, ते मात्र सहसा कुणी सांगत नाही. तुमच्यापैकी पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण आपला न्याय अधिक कडक होईल, असं पहिलंच वचन आहे. म्हणजे जिभेबद्दलचा पहिला इशारा उपदेश करणाऱ्यांना आहे.

आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्यांना माझी एकच कळकळीची विनंती आहे. निघण्याआधी ईयोबाचं पुस्तक वाचा, आणि शेवटपर्यंत वाचा. सगळं गमावून आजाराने पिडलेल्या ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्दही न बोलता. तोवर सगळं ठीक होतं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि त्याच्या दुखण्याचं कारण त्याच्याच पदरात टाकलं. ईयोब तर देवाशी भांडला, जन्मदिवसाला शाप दिला, मनात आलं ते सगळं बोलला. तरी ४२व्या अध्यायात देवाचा राग पेटतो तो त्या मित्रांवर. माझ्याविषयी तुम्ही यथार्थ बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला, असं देव त्यांना सांगतो. आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायला लावतो ती त्या ईयोबालाच.