चार अकरा शून्य तीस

पुण्यातल्या तापकीर गल्लीतल्या एका दुकानात, दहाबारा अनोळखी माणसांसमोर, मला माझ्या फोनचा पासवर्ड ओरडून सांगावा लागला. त्याला आज पाच दिवस झाले. घरचे म्हणतात, सोड आता. मी सोडलेलं नाही.

झालं होतं एवढंच की फोन फुगला. पावणेतीन वर्षांचा फोन, पाठीचं झाकण एका बाजूने उचललं गेलं, आणि टेबलावर ठेवला की पाळण्यासारखा डुलायचा. बायकोने पहिल्या दिवशीच सांगितलं, "बॅटरी फुगलीय." मी म्हटलं, "कव्हर सैल झालंय." तिने काही न बोलता फोन माझ्या उशाजवळून उचलून ओट्यावर, गॅसपासून लांब, स्टीलच्या ताटात नेऊन ठेवला. आमच्या घरात वाद असे संपतात.

आधी मी रीतसर सर्व्हिस सेंटरला गेलो. एसी, टोकन, सोफा. "सर, बॅटरीसोबत डिस्प्लेपण चेंज करावा लागेल. टोटल सात हजार दोनशे." मी म्हटलं, डिस्प्लेने काय केलंय? "ओपन करताना ब्रेक होऊ शकतो, सर." म्हणजे दाढ काढताना जबडा मोडू शकतो, म्हणून जबड्याचे पैसे आधीच घेऊन ठेवायचे. मी टोकन परत केलं, स्वारगेटला मेट्रो पकडली, मंडईला उतरलो आणि तापकीर गल्लीत शिरलो.

दुकान म्हणजे साडेतीन फुटांचा काउंटर. त्यामागे विशीतला एक मुलगा, डोळ्याला भिंग, हातात हीट गन. त्याने फोन उलटासुलटा केला. "अकराशे. एक तास." डिस्प्लेचं काय? "त्याला काय होतंय?" माझा त्या मुलावर जीवच जडला. आणि तेवढ्यात तो म्हणाला,

"सर, पासवर्ड बोला."

"कशाला?"

"बॅटरी टाकल्यावर टच, कॅमेरा, स्पीकर सगळं चेक करायला लागतं. नंतर तुम्हीच येऊन बोलणार, टच चालत नाही."

"मी थांबतो. मीच टाकतो तेव्हा."

"थांबा की. मागे पाच जण थांबलेत."

मला मंडईतून कोथिंबीर आणि अर्धा किलो सुरण न्यायचा होता. शिवाय मागचे पाच जण माझ्या पाठीला पोटं लावून उभे होते. मी वाकून हळूच म्हणालो. शेजारच्या दुकानात कोणीतरी हातगाडीएवढा ब्लूटूथ स्पीकर वाजवून बघत होतं. "काय? मोठ्यांदा बोला." मी जरा मोठ्यांदा बोललो. "ऐकू नाही येत!" मग मात्र मी छातीत हवा भरली आणि त्याच क्षणी शेजारचा स्पीकर बंद झाला. "चार! एक! एक! शून्य! तीन! शून्य!" माझा आवाज बहुधा पासोड्या विठोबाच्या देवळापर्यंत गेला असावा.

मुलाने लिहून घेतलं. प्रकरण इथे संपायला हरकत नव्हती. पण काउंटरच्या कोपऱ्यात, दुकानातल्या एकुलत्या एक स्टुलावर, एक काका बसले होते.

पंचाहत्तरीचे असतील. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीत रेडिओ. रेडिओला घरी शिवलेला अभ्रा. त्यांना रेडिओसाठी बीएल-5सी बॅटरी हवी होती. हो, तीच, जुन्या नोकियाची. ते फोन गेले. ही बॅटरी मात्र अजून रेडिओत आणि आरत्या म्हणणाऱ्या डब्यांत नांदते आहे. मुलाने दिलेल्या तीन बॅटऱ्या काका आळीपाळीने डोळ्यांजवळ नेऊन वाचत होते. ते थांबले. मान वर केली.

"पुणे तीस," काका म्हणाले.

मी गप्प.

"चार अकरा शून्य तीस. पुणे तीस. सदाशिव पेठ."

"हो."

"सदाशिवात कुठे?"

"आता नाही राहत तिथे."

"मग?"

"धायरी."

"धायरी," काका म्हणाले. रिपोर्ट हातात धरून डॉक्टर जसे नुसतं आजाराचं नाव घेतात, तसे. "म्हणजे एक्केचाळीस."

"हो."

"मग एक्केचाळीस ठेवायचा. राहायचं धायरीला आणि पासवर्ड पेठेतला, हे म्हणजे..." त्यांनी उपमा शोधली. मागचे पाच जणही उपमेची वाट बघत थांबले. उपमा सापडली नाही. "हे काही बरोबर नाही," एवढ्यावर त्यांनी भागवलं.

मी खुलासा द्यायची काही गरज नव्हती. अकराशे रुपये माझे, फोन माझा, पिनकोड सरकारचा. पण पुण्यात कोणी चौकशी केली की पत्ता सांगितल्याशिवाय सुटका नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. मी म्हणालो, "आमचा वाडा होता, खुन्या मुरलीधराच्या देवळाजवळ."

"होता?"

"बिल्डरकडे गेला."

"बिऱ्हाडं किती?"

"नऊ."

"मालक की भाडेकरू?"

ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला लागला त्याहून कमी वेळात त्या मुलाने फोनचं झाकण उचकटलं होतं.

"भाडेकरू."

"मग 'आमचा' कसा?"

आता सांगा, यावर काय बोलायचं? एकोणीस वर्षं त्या वाड्याच्या नळावर नंबर लावला, त्याच्या दगडी पायरीवर पडून दोन दात पाडले, आणि 'आमचा' म्हणायला खरेदीखत लागतं? घरी आल्यावर मला यावर सहा उत्तरं सुचली. दुकानात मी म्हणालो, "तसं नाही, म्हणजे बोलायची पद्धत." मागचा एक जण चक्क हसला. तो स्पीकरवाला नव्हता, एवढंच मला नक्की आठवतं.

काका आता रंगात आले. बीएल-5सी बाजूला राहिली. "पिनकोड कोणी काढला, माहितीय?" मला माहीत नव्हतं. "श्रीराम भिकाजी वेलणकर. आपले. पोस्टात मोठे अधिकारी, शिवाय संस्कृतात कविता करायचे. 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. एकाच नावाची गावं पन्नास, पत्रं भलतीकडे जायची, म्हणून. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून जिल्ह्याचं टपाल कुठे निवडायचं ते, शेवटचे तीन तुमच्या पोस्ट ऑफिसचे. म्हणजे मुळात हा आकडा कशासाठी आहे? तुमचा पत्ता जगाला कळावा म्हणून! आणि तुम्ही तो लपवायला वापरताय."

हे मला लागलं, कारण ते खरं होतं.

मग त्यांनी खिशातलं एक पेन काढलं आणि विजेच्या बिलाच्या पाठीवर गणित मांडलं. सहा आकड्यांचे पर्याय किती? दहा लाख. पण माणूस पुण्याचा आहे म्हटल्यावर 411 आलेच, उरले हजार. त्या हजारातले खरे पिनकोड किती? साठ-सत्तर. "आणि त्यातही," काका पेनाला टोपण लावत म्हणाले, "माणूस दोन वाक्यं बोलला की आठ-दहावर येतो मी." मागच्या पाचांपैकी एकाने बिल बघायला मागितलं. दुसऱ्याने हळूच स्वतःचा फोन खिशात घातला. तो नक्की पुणे एकोणतीस किंवा अडतीस असणार.

मुलगा इकडे फुगलेली बॅटरी प्लॅस्टिकच्या पातीने अलगद सोडवत होता. काकांची नजर तिच्यावर गेली. "रात्रभर चार्जिंगला लावत असाल."

"लावतो."

"उशीखाली?"

"उशीशेजारी." (उशीखालीच.)

"उष्णता. आत जे रसायन असतं त्याचं उष्णतेने विघटन होतं, गॅस धरतो, जायला वाट नाही, मग पिशवी फुगते. पुरीसारखी. फक्त ही फुगली की ताटात वाढायची नाही." मला ओट्यावरचं स्टीलचं ताट आठवलं आणि मी मान खाली घातली. "ही लिथियमची बॅटरी ज्यांच्यामुळे आली, त्या तिघांना 2019 चं नोबेल मिळालं. त्यातल्या गुडइनफना 97 व्या वर्षी! तोवर इतक्या वयाच्या माणसाला नोबेल मिळालं नव्हतं. शंभर पूर्ण करून 2023 मध्ये गेले. आणि तुमची किती टिकली?"

"पावणेतीन वर्षं."

काकांनी फक्त बॅटरीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

इथे मला थोडं गंभीर बोलायचं आहे, कारण काका अर्धवट बरोबर होते आणि अर्धवट माणसाला छळत होते. उशी माझी चूक, मान्य. पण अशी बॅटरी काही अमर नसते. पाचशेच्या आसपास पूर्ण चार्ज झाले की तिची ताकद ऐंशी टक्क्यांवर येते, असं साधारण सांगितलं जातं. म्हणजे रोज एकदा पूर्ण चार्ज करणाऱ्याचं दीड वर्ष. हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. चार वर्षांच्या फोनमध्ये दीड वर्षाची वस्तू गोंदाने चिकटवून वर काच लावून टाकायची, याला माझ्या आजीने सरळ लबाडी म्हटलं असतं. पूर्वी फोन पडला की तीन तुकडे व्हायचे: झाकण एका टेबलाखाली, बॅटरी दुसऱ्या, फोन तिसऱ्या. गोळा करायचे, बसवायचे, चालू. 2007 मध्ये याच बीएल-5सीच्या 4 कोटी 60 लाख बॅटऱ्या तापू शकतात म्हणून नोकियाने बदलून द्यायचं जाहीर केलं, तेव्हा जो तो नखाने झाकण उघडून बॅटरीवरचा नंबर वाचत बसला होता. नखाने! आता हीट गन, सक्शन कप आणि तापकीर गल्ली लागते. कारण विचारलं तर म्हणतात, पाणी शिरू नये म्हणून. आणि पाणी शिरलंच, तर बहुतेकांच्या वॉरंटीत ते बसत नाही. युरोपात 18 फेब्रुवारी 2027 पासून ग्राहकाला स्वतः काढता येईल अशीच बॅटरी द्यायचा नियम येतोय, त्यातही पळवाटा ठेवल्यात. आपल्याकडे 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही निघालं. मी ते पोर्टल उघडणार होतो. पण फोन फुगला होता.

असो. मी कोथिंबीर आणायला पळालो. तासाभराने परत आलो तर मागचे पाच जण बदललेले आणि काका तिथेच. फोन तयार होता, सपाट, शहाण्यासारखा. मी अकराशे रोख मोजले. काकांनी शेवटी एक बीएल-5सी पसंत केली होती. ती रेडिओत घालून, आकाशवाणी पुणे लागतंय का ते कानाशी धरून बघत होते. लागलं. मी निघताना त्यांनी रेडिओचा आवाज कमी केला, माझ्यासाठी.

"मी नारायण पेठेत राहतो," ते म्हणाले. "आमचाही तीसच आहे."

"हो का?"

"हो. म्हणजे आता कुठलाही फॉर्म भरताना मला तुमचा पासवर्ड लिहावा लागणार."

हे ते तक्रारीच्या सुरात बोलले. जणू मी त्यांच्या दारात गाडी लावून गेलो होतो.

घरी आलो. बायकोने सुरण घेतला, फोन घेतला, उलटा केला. "सपाट झाला की! पण हे पाठीवर काय चिकटवलंय?"

पांढऱ्या चिकटपट्टीवर, निळ्या बॉलपेनाने, मोठ्या सुवाच्य अक्षरात: 411030. मंडई ते स्वारगेट मी उभ्याने आलो होतो, फोन कानाला लावून, फोनची पाठ डब्याकडे करून. पट्टी निघाली, पण गोंदाचा चौकोन राहिला. खोबरेल तेल लावून झालं, रॉकेल आता मिळत नाही. चौकोनाला धूळ चिकटते, त्यामुळे तो दिवसेंदिवस ठळक होतोय.

मुलगी कॉलेजातून आली आणि मला म्हणाली, "बाबा, पासवर्ड द्यायचाच नसतो. मेंटेनन्स मोड चालू करून द्यायचा. मग त्यांना फोन चेक करता येतो, तुझे फोटो-मेसेज काही दिसत नाहीत. सॅमसंगला 2022 पासून आहे, तुझ्याही फोनमध्ये आहे." सेटिंगमध्ये जाऊन तिने दाखवलंही. म्हणजे हे सगळं टळलं असतं. वाडा, बिऱ्हाडं, भाडेकरू, सगळं. हे मला सर्व्हिस सेंटरच्या सोफ्यावर, पावणेतीन वर्षांपूर्वी डब्यातल्या कागदावर, कुठेही कोणी का सांगितलं नाही? फोन मला रोज सांगतो की मी आज किती पावलं चाललो. हे नाही सांगत.

त्याच रात्री पासवर्ड बदलला. मुलीने समोर बसूनच टाकून बघितला आणि पहिल्याच फटक्यात फोन उघडला. "एक्केचाळीस केलास ना?" ती म्हणाली, आणि निघून गेली.

मग तिच्याच सांगण्यावरून कशाशीही संबंध नसलेले सहा आकडे घेतले. पण अंगठ्याला कोण सांगणार? सकाळी झोपेत तो आपला चार-एक-एक करत तीसच्या दाराशी जातो, चुकतो, परत जातो, आणि मग फोन म्हणतो, तीस सेकंद थांबा. तीस! मुद्दामच म्हणत असणार. दोन दिवसांत मी ते सहा आकडे साफ विसरलो, ज्या कागदावर लिहिले होते तो सुरणाच्या सालींबरोबर गेला, आणि मुलीने ते बघून ठेवले होते म्हणून वाचलो.

आता तिसरा पासवर्ड आहे. तो 411 ने सुरू होत नाही, काकांना कळवावंसं वाटतं. आईचं माहेर वाईचं. याहून जास्त मी काही सांगणार नाही.