निरोप घ्या, सामानही न्या

परदेशात एखादं सत्र शिकायला निघालेल्या मुलीला सगळे सल्ले देतात. लोणचं दुहेरी पिशवीत बांध, पासपोर्टाच्या झेरॉक्स तीन ठिकाणी ठेव, अनोळखी माणसाकडून सामान घेऊ नकोस. ओळखीच्या माणसांकडूनही घेऊ नकोस, हे मात्र मला कोणी सांगितलं नाही. म्हणून मी सांगते. सत्र संपल्यावर सगळ्यांत शेवटी निघू नका.

मी जपानातल्या क्योतोहून सगळ्यांत शेवटी निघाले. परतीचं तिकीट शिष्यवृत्तीवाले काढणार होते, त्यांना ज्या तारखेला स्वस्त पडलं ती माझी तारीख. बाकीच्या मंडळींचे पासपोर्ट असे की ‘जाता जाता चार दिवस सोल करू’ म्हटलं की खरंच सोल होतं. मला त्या ‘जाता जाता’साठी आधी बँकेची स्टेटमेंटं जमवावी लागली असती. तेव्हा ते गेले, मी राहिले, आणि त्यांचा संसार माझ्या खोलीत आला.

निरोपसमारंभ जुलैच्या मध्यापासूनच सुरू झाले होते. (आम्ही एकमेकांना देशाच्या नावाने हाक मारायचो. फिनलंड, स्पेन, जर्मनी, कोरिया. मी इंडिया. संयुक्त राष्ट्रांत असतं तसं, फक्त इथे भांडी कोणी घासायची यावर ठराव व्हायचे.) १७ जुलैला गिओन मात्सुरी या उत्सवातल्या रथांची मिरवणूक असते, आणि आदल्या रात्री शिजो रस्त्यावर कंदिलांनी लखलखलेले रथ बघायला अख्खं शहर लोटतं. मी म्हटलं, लक्ष्मी रोडचं विसर्जन पाहिलेल्या मुलीला गर्दी काय शिकवता? पण लक्ष्मी रोडवर मागे वळता येतं. इथे गर्दी वाढली की काही गल्ल्या चालणाऱ्यांनाही एकदिशा करतात. फिनलंड कणीस घ्यायला थांबली, मी तिला हाक मारायला वळले, तर हातात लाल दिव्याची कांडी घेतलेल्या पोलिसाने अत्यंत नम्रपणे मला पुढे ढकललं. शब्दाने ढकललं, हाताने नव्हे, त्यामुळे तक्रारही करता येईना. फिनलंडचा आणि माझा निरोप त्या रात्रीपुरता तिथेच झाला.

मग कामो नदी. क्योतोत संध्याकाळी नदीकाठी जोडपी बसतात, आणि ती बरोब्बर सारख्या अंतरावर बसतात. कोणी खुणा आखलेल्या नाहीत, पण टेप लावून बघा. त्या शिस्तीत आम्ही पाच जण, एक गिटार आणि चिप्सची पाकिटं घेऊन दोन जोडप्यांच्या मधोमध बसलो. थोड्या वेळाने डावीकडचं जोडपं उठून पलीकडे सरकलं. मग त्याच्या डावीकडचं. नदीच्या वरच्या पुलापर्यंत किती प्रेमप्रकरणं त्या रात्री आमच्यामुळे सरकली असतील, देव जाणे.

आणि इझाकायातला, म्हणजे जपानी दारूच्या गुत्त्यातला, निरोप. यावर मला अजूनही नीट बोलता येत नाही. दोन तास हवं तितकं प्या, अशी योजना घ्यायची असेल तर टेबलावरच्या सगळ्यांनी घ्यायची, असा तिथला नियम होता. मी पीत नाही. दोन तासांत माणूस ऊलाँग चहा किती पिणार? मी सूड म्हणून प्यायले, पण चहाला मर्यादा असते. खायला मीठ लावलेल्या सोयाबीनच्या शेंगा आणि फ्राइज. तोफू मागवला तर त्यावर सुक्या मासळीचा कीस भुरभुरलेला. न मागता आलेल्या वाटीतही मासळी, आणि त्या वाटीचे पैसे वेगळे. बिल आलं, जर्मनीने मोबाइलवर पाचाने भागलं, आणि प्रत्येकी साडेतीन हजार येन जाहीर केले. म्हणजे जवळपास दोन हजार रुपये, शेंगांचे. मी काही बोलले नाही, कारण तेवढ्यात फिनलंड रडायला लागली. सहा महिन्यांत जिने एका वाक्यात कधी चारपेक्षा जास्त शब्द वापरले नाहीत ती मुलगी माझ्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. अशा वेळी ‘माझे शेंगांचेच पैसे धरा’ असं म्हणणाऱ्या बाईला इतिहास काय म्हणेल?

रडणं थांबल्यावर ती म्हणाली, “तुझ्यासाठी माझा राइस कुकर ठेवलाय.”

इथून सुरुवात झाली. स्पेनने जाताना मिठी मारली आणि अर्धी सोया सॉसची बाटली, एक गालिचा, एक जाकीट आणि पारदर्शक प्लास्टिकच्या छत्र्या दिल्या. जपानात पाऊस आला की माणूस दुकानातून नवी छत्री घेतो, त्यामुळे स्पेनकडे प्रत्येक पावसाची एक छत्री होती. जर्मनीने हँगर आणि कपडे वाळत घालायचा स्टँड दिला, सोबत यादीसुद्धा दिली. सगळे देताना म्हणायचे, “आठवण म्हणून.” खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. तिथे वस्तू टाकायची म्हणजे विकत घेण्यापेक्षा जास्त कष्ट.

जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, महापालिकेच्या पिवळ्या पिशवीतच. पिशवी विकत घ्यायची, ४५ लिटरची ४५ येनला. लिटरला एक येन, हिशेबाला सोपं. बाटल्या-डब्यांचा वार वेगळा, प्लास्टिकच्या वेष्टनांचा वेगळा, लहान धातूंचा वार महिन्यातून एकदा. मोठी वस्तू असेल तर आधी नोंदणी करायची, दुकानातून शुल्काचं स्टिकर आणून वस्तूवर चिकटवायचं आणि नेमल्या सकाळी बाहेर ठेवायचं. मी नोंदणी केली. तारीख मिळाली ती माझ्या विमानानंतरची.

आईला फोन केला. आई म्हणाली, “टाकतेस कशाला? कुकर घेऊन ये.” तिथली वीज शंभर व्होल्ट, आपली दोनशे तीस, हा कुकर आपल्याकडे लावला तर भात आणि फ्यूज एकदमच शिजतील, हे समजावण्यात दहा मिनिटं गेली. मागून बाबा ओरडले, “बोहारणीला दे!” बाबा, इथे बोहारीण असती तर या गालिच्यावर आणि स्पेनच्या जाकिटावर मी दोन स्टीलची पातेली आणि वर एक गाळणी मिळवली असती. भंगारवाल्याला पैसे मागायची सवय झालेली आपण माणसं. वस्तू टाकायला उलट आपणच पैसे द्यायचे, हे मनाला पटतच नाही. शिवाय वस्तू माझी नाही. म्हणजे परोपकाराचा खर्चही माझा.

तर, निघायच्या आदल्या सकाळी पावणेआठला मी पिवळी पिशवी घेऊन खाली गेले. आठच्या आत ठेवायची असते. साडेआठला कोरिया एका जुन्या कॉफीच्या दुकानात वाट बघणार होती. जाड टोस्ट, उकडलेलं अंडं, कॉफी आणि शेवटचा निरोप. खाली आमचे कान्रिनिन-सान, म्हणजे इमारत सांभाळणारे काका, उभे होते. सत्तरीचे असावेत. डोक्यावर टोपी, गळ्यात टॉवेल, हातात लांब लोखंडी चिमटा. सकाळीच तीस अंशांच्या वर उकाडा, झाडावर सिकाडा किडे किंचाळतायत, आणि काका माझी पिशवी उजेडाकडे धरून एक्स-रे बघतात तशी बघतायत.

“सुप्रभात, दोनशे चार-सान.” सहा महिने त्यांनी मला खोलीच्या नंबरानेच हाक मारली. नंबरालाही आदराचं ‘सान’ लावायचे, ही त्यांची मर्यादा.

“सुप्रभात.”

“आज जळणाऱ्या कचऱ्याचा वार.”

“हो. सगळं जळणारंच आहे.”

काकांनी पिशवीची गाठ सोडली, चिमटा आत घातला आणि एक चौकोनी पुठ्ठा बाहेर काढला. निरोपाचा पुठ्ठा. जाणाऱ्या माणसासाठी सगळे मिळून त्यावर गोल गोल लिहितात. हा स्पेनचा होता. आम्ही रात्र जागून केलेला, त्याने विसरलेला, आणि मला गालिच्यात गुंडाळलेला सापडलेला. काकांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“‘तू आमच्या मनात कायम राहशील.’” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “हे टाकायचं?”

“माझं नाही. तीनशे एकचं आहे. तो विसरून गेला.”

काका विचारात पडले. “म्हणजे तीनशे एक-सान तुमच्या मनात कायम राहणार. तुम्ही त्यांच्या मनात राहणार की नाही, ते लिहिलेलं नाही.”

यावर काय बोलणार? मी म्हटलं, “पुठ्ठा आहे, जळतो.”

“पुठ्ठा जळतो. ही चकाकणारी अक्षरं प्लास्टिकची आहेत. ही रिबन? रिबन बघू.” आणि त्यांनी खिशातून, शपथेवर सांगते, एक छोटी पट्टी काढून माझ्या हातात दिली. मी उकिडवी बसून ‘कायम’मधली चमकी खरवडली. दरम्यान काकांनी बाकीचा मजकूर वाचून काढला. मी लिहिलेल्या ओळीत एक कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षर, चुकली होती, ती बोट ठेवून दाखवली. टाकायच्या पुठ्ठ्यावरची.

मग छत्र्या. त्या मी टाकायला आणल्याच नव्हत्या, नुसत्या विचारायला आणल्या होत्या. काकांनी एक उघडली, टोकाची टोपी फिरवून काढली, प्लास्टिक एका हिसक्यात सोललं आणि सांगाडा वेगळा ठेवला. “आता तुम्ही.” मी दुसरी सोलली. त्यांनी सांगाडा पाहिला, “एका काडीला प्लास्टिकचं टोक राहिलं.” सव्वाआठ झाले. कोरियाचा मेसेज: ‘पोचले. खिडकीजवळची जागा.’ माझे हात गंजाने तांबडे, कपाळावरचा घाम डोळ्यांत, आणि काका मला छत्रीशास्त्र शिकवतायत. खरं सांगते, तेव्हा पहिल्यांदा मला स्पेनबद्दल अतिशय वाईट वाटलं. म्हणजे त्याच्याबद्दल वाईट विचार आले.

शेवटी मी कुकर पुढे केला. काकांचा चेहरा बदलला. त्यांनी चिमटा भिंतीला टेकवला, टॉवेलने हात पुसले आणि कुकर दोन्ही हातांनी घेतला.

“हे पोर अजून आहे?”

“तुम्ही ओळखता?”

“आधी तीनशे दोन-सान. त्यांच्याआधी एकशे एक, ब्राझील. त्याच्याआधी चारशे तीन, ती मुलगी यात केक करायची.” त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं. “तुम्ही यात काय केलंत?”

“खिचडी.”

“पिवळं झालंय,” काका म्हणाले. तक्रार नव्हती. नोंद होती.

“हा मी कुठे ठेवू?”

“सामान मागे ठेवता येत नाही. नियम आहे.”

“मग टाकू?”

“चालतंय की हे! टाकणार कसं?”

असे आम्ही दोघं त्या कुकरभोवती उभे. शेवटी काका आपल्या खोलीत गेले आणि एक छापील कागद घेऊन आले. हरवलेली वस्तू सापडल्याचा. सापडणाऱ्याचं नाव: माझं. सापडल्याचं ठिकाण: खोली दोनशे चार. मालकाचं वर्णन: अज्ञात. मी म्हटलं, “पण ही माझ्याच खोलीत हरवली कशी?” काका म्हणाले, “सही इथे.” पुढच्या सत्राला एखादं भुकेलं पोर आलं की मालक सापडल्याची नोंद होणार, हे त्यांनी तोंडाने सांगितलं नाही. त्यांनी कुकरला वाकून नमस्कार केला. मला मान हलवून.

कॉफीच्या दुकानात पोचले तेव्हा कोरियाची बस सुटायला पाच मिनिटं होती. माझा टोस्ट तिने खाल्ला होता, आणि ते बरोबरच होतं. आम्ही घाईने मिठी मारली, तिने माझ्या कपड्यांवरचा गंज झटकला, आणि टेबलाखालून एक उभा पंखा बाहेर काढला. “तुला उकडतं ना,” ती म्हणाली, आणि गेली.

पंखा खांद्यावर टाकून मी परत आले. काकांनी लांबूनच हात जोडले. एकाच खोलीत एका दिवसात दोन वस्तू सापडणं बरं दिसत नाही, म्हणाले. मग मी तो जुन्या वस्तूंच्या दुकानात नेला. नंबर घ्या, बसा. तिथल्या मुलाने पंख्याची प्रत्येक गती लावून पाहिली, मागची जाळी पुसून पाहिली आणि अत्यंत आदराने किंमत सांगितली: दहा येन. त्यासाठी ओळखपत्र, पत्ता, व्यवसाय, सही. व्यवसायात मी ‘विद्यार्थी’ लिहिलं. ‘हमाल’ला रकाना नव्हता.

आता पुण्यात येऊन पडले आहे. ग्रुपवर रोज मेसेज येतात. फिनलंड विचारते, कुकर चांगल्या घरी गेला ना? कोरिया विचारते, पंखा चालतोय ना? मी नीट पोचले का, हे अजून कोणी विचारलेलं नाही. काल स्पेनचा मेसेज आला. आम्ही सगळ्यांनी लिहून दिलेला पुठ्ठा त्याच्या सामानात नाहीये, बहुतेक गालिच्यात राहिला; तेवढा पोस्टाने पाठवशील का, फार मोलाचा आहे. खाली पूर्ण पत्ता, पिनकोडसकट. टपालखर्चाबद्दल एक अक्षर नाही.