सातव्या थरातली दहावी टीम: सांगलीच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

इथे इंग्लंडमधल्या आमच्या गावच्या रग्बी टीमच्या हंगामावर मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला सांगू. दुसऱ्यांदा लक्षात आलं, की लेख आकड्यांसकट शेवटपर्यंत वाचणारे बहुतेक तुम्ही एकटेच. बाकीचे 'छान माहिती' म्हणून अंगठा दाखवून गेले.

इतरांसाठी थोडक्यात सांगतो. काका तरुणपणी सांगलीत कबड्डी खेळलेत. त्यांचे आक्षेप तीन. बारा टीमांत दहाव्या आलेल्यांचं कौतुक म्हणजे हरण्याला गोंजारणं. छातीच्या खालीच पकडायचं हा नियम म्हणजे मर्दानी खेळाची वाट लावणं. आणि माझा हिशेब चुकलाय.

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. 'सातपेक्षा कमी फरकाने हरलं तर एक बोनस गुण' असं मी लिहिलं होतं. जानेवारीतला सामना आम्ही ३१-२४ असा हरलो, म्हणजे फरक पुरता सातचा, मग गुण कुठून आला, असं तुम्ही विचारलंत. नियम 'सात किंवा त्याहून कमी' असा आहे. टेबल बरोबर, वाक्य माझं चुकलं. दुरुस्त केलंय. शिवाय त्या दिवशी आमचे चार ट्राय झाले होते, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चारदा बॉल टेकवला (त्याचे २०, वर दोन कन्व्हर्जनचे, म्हणजे ट्रायनंतर खांबांमधून मारलेल्या किकचे ४), आणि चार ट्राय झाले की आणखी एक बोनस मिळतो. म्हणजे हरूनही दोन गुण. जिंकणाऱ्याला चार असतात, तेव्हा हे काही थोडे नाहीत. हंगाम संपला तेव्हा अकराव्या टीमपेक्षा आमचा एकच गुण जास्त होता. ते दोन नसते तर आज खालच्या लीगमध्ये असतो.

'हरणाऱ्याला गुण देणारा हा कसला खेळ,' असं तुम्ही म्हणता. काका, प्रो कबड्डीत कित्येक हंगाम हाच नियम होता. सात किंवा कमी गुणांनी हरा, एक गुण घ्या. तेव्हा टीव्हीसमोर बसून तुम्हीही तो गुण मोजला असणार!

आता मुख्य भांडण, दहाव्या नंबरच्या कौतुकाचं. इंग्लंडमध्ये रग्बीच्या लीगची उतरंड १९८७ पासून आहे. वर प्रीमियरशिप, त्याखाली एकेक थर. आमची टीम खेळते ती काउंटीज १, वरून सातवा थर. इथे खेळायचे पैसे मिळत नाहीत, उलट प्रत्येक जण दर सामन्याला वर्गणी भरतो. रेफरी बाहेरून येतो, पण बाजूच्या रेषेवर झेंडा धरणारा माणूस ज्याने त्याने आपला आणायचा. आमच्याकडे तो मी. वॉरिकशायरच्या पावसात चष्मा पुसत पळणारा मराठी माणूस दिसला तर हाक मारा.

तर फेब्रुवारीतला एक शनिवार. सकाळी दहाला ग्रुपवर पहिला मेसेज: एका प्रॉपला (पुढच्या फळीतला खेळाडू), तो इलेक्ट्रिशियन आहे, तातडीच्या कामावर जावं लागतंय. पाऊण तासाने हुकरचा, तोही त्याच फळीतला: पोराला ताप. कप्तान शाळेत शिकवतो. तो क्लबच्या पायरीवर बसून बोटांवर मोजत होता. मोजणी दरवेळी तेरावर थांबायची. टीम उभी राहिली नाही तर टेबलात वॉकओव्हरची नोंद होते आणि समोरच्यांना पाच गुण फुकट.

त्यातही नुसती पंधरा डोकी जमवून भागत नाही. स्क्रम म्हणजे दोन्ही टीमांचे खेळाडू एकमेकांत अडकून बॉलसाठी रेटारेटी करतात ती. तिच्या पुढच्या फळीत तिघं असतात, दोन प्रॉप आणि मध्ये हुकर. सगळा रेटा त्यांच्या मानेवर आणि खांद्यांवर. त्या जागेची तयारी नसलेला माणूस तिथे उभा केला तर मान मोडायची, म्हणून रेफरी स्क्रमला रेटूच देत नाही. मग दोन्ही टीमांनी नुसतं एकमेकांना टेकायचं आणि ज्याचा बॉल त्याने घ्यायचा. पोहण्याच्या शर्यतीत सगळ्यांनी कमरेएवढ्या पाण्यातून चालावं, तसं दिसतं ते.

तेवढ्यात आमचा जुना प्रॉप सामना बघायला आला. वय ५१, धंद्याने प्लंबर, आजवर तीनदा निवृत्त झालेला. हातात बेकन घातलेला पाव. कप्तान काही बोलला नाही, फक्त त्याच्याकडे बघत राहिला. त्याने पाव संपवला, बोटं पँटला पुसली आणि गाडीच्या डिकीतून बूट काढले. बूट डिकीतच होते, हे मला फार आवडलं. हुकरच्या जागी आमच्याच क्लबच्या दुसऱ्या टीमचा पोरगा मिळाला. प्लंबर तासभर टिकला. आम्ही ४५-१२ असे हरलो. संध्याकाळी बारमध्ये त्याची मान वळत नव्हती, त्यामुळे शेजारच्याशी बोलायला तो अख्खाच्या अख्खा वळत होता.

पंचेचाळीस गुण खाल्ले याचं कौतुक मी कुठेच केलेलं नाही, काका. लेख पुन्हा काढून बघा. कौतुक केलं ते डिकीतल्या बुटांचं. बावीस सामन्यांत आम्ही एकदाही वॉकओव्हर दिला नाही, आणि या थरात माझ्या लेखी हंगाम त्यावर मोजायचा. गुणतक्ता त्यानंतर.

'वर जायची ईर्षाच नाही' हेही तुमचंच वाक्य. ईर्षा काय करते त्याची उदाहरणं इथे ढिगाने आहेत. रिचमंड १८६१ सालचा क्लब. पैसा ओतला गेला, वर चढला, पैसेवाल्याने हात काढून घेतला आणि १९९९ मध्ये दिवाळं. मग पुन्हा फार खालून सुरुवात, दुसऱ्या थरापर्यंत परत यायला २०१६ उजाडलं. २०२२-२३ च्या एका हंगामात तर प्रीमियरशिपमधले वूस्टर, वॉस्प्स आणि लंडन आयरिश असे तीन क्लब कोसळले. एक्सेटरसारखा खालून चढत जाऊन २०१७ आणि २०२० ला प्रीमियरशिप जिंकलेला क्लबही आहे, नाही असं नाही. पण शनिवारी पंधरा माणसं जमवताना ज्यांच्या नाकी नऊ येतात, त्यांनी आधी काय करावं, तुम्हीच सांगा.

राहता राहिला टॅकल, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला पकडून पाडणं. २०२३ च्या जानेवारीत इथल्या संघटनेने हौशी खेळात कमरेच्या वर पकडायचं नाही असं जाहीर केलं. एवढा गदारोळ झाला की माफी मागावी लागली, आणि शेवटी छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत मुभा मिळाली. कारण साधं आहे, डोक्यावर डोकं आपटून मेंदूला मार बसतो. आमच्या इलेक्ट्रिशियनला सोमवारी शिडीवर चढायचं असतं. आणि हा आक्षेप तुम्ही घ्यावा? आयुष्यभर घोट्याच्या पकडी केलेल्या माणसाने? आमच्या पोरांना खाली वाकून पकडणं अजून नीट जमत नाही. वाकतात ते पाठीतून, गुडघ्यातून नाही. तुम्ही असता तर पहिल्याच दिवशी ओरडला असता.

तुमची लेक लेस्टरला असते असं तुम्ही लिहिलंय. तिथून आमचं मैदान फार लांब नाही. हंगाम सप्टेंबरला सुरू होतो आणि सराव मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी असतो. याल तेव्हा घोट्याची पकड दाखवा, कप्तानाशी मी बोलून ठेवतो. मोज्यांचे दोन जास्तीचे जोड आणा. आणि बेकन खात नसाल तर डबा माझ्याकडून.